बायकांच्या बाजूची जाळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा दर्ग्यांतल्या मजारींभोवती, म्हणजे पिरांच्या कबरींभोवती, जाळीचे कठडे घडवण्याचा, राहणार कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जाग्यावर आहे, हात स्थिर आहे, चष्मा आत्ताच पुसला आहे. कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. उलट हा कागद टेबलावर दिसला की माझी बायको त्याच्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवते. मी ते उचलतो आणि पुढे लिहितो.

लिहिण्याचे कारण असे. येत्या काही दिवसांत माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. नवी झडप जाग्यावर कशी बसवता, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, टाके घालून. मी म्हटले, डाग तर देणार नाही ना? धातूला धातू वितळवून चिकटवण्याला आमच्या धंद्यात डाग देणे म्हणतात. डॉक्टरांना ते ठाऊक नसावे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घाबरू नका म्हणाले.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. मोठ्या दर्ग्याच्या नव्या कठड्याच्या तीन बाजू तयार होऊन खाली गोणपाटाखाली उभ्या आहेत. चौथी, म्हणजे बायकांच्या बाजूची, अजून व्हायची आहे. मी परत आलो तर ती मी करीन. नाही आलो तर ती कोणी करावी आणि कशी करावी, हे या कागदावरून ठरावे. घरादाराचे, पैशाअडक्याचे कोणी काहीही केले तरी मी वरून बघायला येणार नाही. चौथ्या बाजूचे बघायला येईन.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, गच्ची आणि जिना, माझ्या पत्नीला. जिन्याची एक पायरी डुगडुगते. ती मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही. तिच्या आवाजावरून कोण येते आहे ते हिला स्वयंपाकघरात कळते, आणि पाहुणा वर पोचेपर्यंत चेहरा कसा ठेवायचा हे ठरवता येते. पुढेही कोणी ती दुरुस्त करू नये.

कलम २. बँकेत जे आहे ते पत्नीला. किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. त्यातून तिने डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे. सवडीने करीन, असे ती म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम ३. माझी सर्व हत्यारे माझ्या मुलीला. घरात तिला ठिणगी म्हणतात, आणि ज्यांनी तिच्याशी एकदा तरी वाद घातला आहे त्यांना कारण विचारावे लागत नाही. लेथ, भोके पाडायचे यंत्र, सगळ्या पकडी आणि कानशी तिच्या. कानशी भिंतीवर मोठीपासून बारीकपर्यंत टांगल्या आहेत. तो क्रम मोडू नये. सर्वांत बारीक कानस मी कोणाला हात लावू देत नाही. तिला देत आहे.

हत्यारांसोबत विद्या कुठून आली हेही नोंदवून ठेवतो, कारण लोक विचारतात. माझा कोणी उस्ताद नाही. हे मी नम्रपणाने सांगत नाही, छाती काढून सांगतो. मी कुलपे दुरुस्त करायचो. कठड्याला एक लहान दार असते. त्यातून मुजावर आत जाऊन झाडलोट करतात, मजारीवरची चादर बदलतात. मोठ्या दर्ग्यातल्या त्या दाराचे कुलूप अडकले म्हणून मला बोलावले होते. कुलूप लगेच निघाले. मी मात्र दारातून आत शिरलो आणि तिथेच बसून राहिलो, कारण जाळी मी आयुष्यात पहिल्यांदा आतून बघत होतो. बाहेरून दिसते ती नक्षी. आतून दिसते ते कसब. पितळेचा भरीव गोळा, त्याला चार दिशांना चार भोके, प्रत्येक भोकात एक नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पुढचा गोळा. अशी ओळीवर ओळ. खिळा नाही, स्क्रू नाही, डाग नाही. सगळे एकमेकांना धरून आहेत, आणि बाहेरची सागवानी चौकट सगळ्यांना धरून आहे. चौकटीच्या पाचरी ठोकल्या की जाळी ताठ उभी राहते. पाचरी काढल्या की सगळी जाळी सुटी होऊन हातात येते. मुजावरांनी बाहेरून विचारले, कुलूप जमत नाही का? मी म्हटले, कुलूप कधीच जमले, मी दुसरेच बघतोय. तेव्हापासून सोडवून, जोडून, बिघडवून शिकलो. उस्ताद कोण असे कोणी विचारले तर मी त्या जुन्या जाळीकडे बोट दाखवतो.

हत्यारांत एक लाकडी माप आहे. ते खेळणे समजून कोणी फेकू नये. जाळीचा डोळा, म्हणजे चार नळ्यांमधली मोकळी जागा, त्या मापाने बघायचा असतो. चार बोटे आत जाऊन नळीला विळखा घालतील एवढा डोळा हवा. पण मूठ आत जाता कामा नये. आत गेलेली मूठ रडणाऱ्या माणसाची असते, आणि रडणाऱ्या माणसाची मूठ लवकर उघडत नाही.

कलम ४. चौथी बाजू कशी असावी.

माझ्या पहिल्या कठड्याच्या चारही बाजू मी सारख्या केल्या होत्या. पुढे बघतो तर पुरुषांच्या बाजूला खांद्याच्या उंचीवरचे गोळे झिजलेले, आणि बायकांच्या बाजूला अगदी खालचे. मी धातूला दोष देत बसलो. बायको म्हणाली, "अहो, पुरुष येतात, उभ्या उभ्या जाळी धरतात, काहीतरी पुटपुटतात आणि चपला शोधायला जातात. बायका बसतात. एकदा बसल्या की सगळं सांगून झाल्याशिवाय उठत नाहीत. बसलेल्या बाईचा हात कुठे पोचतो ते बघा की." मी तिला कारखान्यात भिंतीशी बसवले आणि तिचा हात जिथे टेकला तिथे खडूने खूण केली. मग म्हटले, आता कपाळ टेक. तिथेही केली. ती म्हणाली, मला कधी फुलं आणली नाहीत, खडू बरा आणला. या दोन्ही खुणा अजून भिंतीवर आहेत. भिंत रंगवताना तेवढी जागा सोडावी.

तेव्हापासून बायकांची बाजू मी वेगळी करतो. खालच्या तीन ओळींचे गोळे जाड आणि भरीवच. गोळा आतल्या बाजूनेही तितकाच गुळगुळीत घासायचा, कारण बोटे मागून वळून येतात. कपाळाच्या खुणेच्या ओळीत एकाही भोकाला धारदार काठ राहता कामा नये. आपले बोट फिरवून नव्हे, गाल फिरवून बघावे. तळाच्या लाकडी पाटाची कड गोल करावी, तिथे गुडघे टेकतात. या कामाची कोणी वाहवा केली तर त्यात डोके कोणाचे, हे खरे सांगावे.

कलम ५. (या कलमावर पट्टीने रेघ मारली आहे. कारण कलम ८ मध्ये.)

कलम ६. बाजारातल्या पत्रेवाल्याला आमच्याकडचा एक भरीव गोळा द्यावा. हे गृहस्थ पत्र्यावर जाळीचा ठसा मारतात आणि हुबेहूब म्हणून विकतात. भेटले की मला म्हणतात, "काका, जमाना बदलला." वयाने ते माझ्याहून मोठे आहेत. गोळा त्यांच्या तळहातावर ठेवावा आणि काही बोलू नये. हाताला जेवढे कळेल तेवढे कळेल. परत मागू नये. रागाने दिलेला नाही.

कलम ७. मोठ्या दर्ग्याचा नवा कठडा बसला की जुना उतरेल. ज्याच्यावर मी शिकलो तो हाच. असा उतरलेला कठडा भंगारात जात नाही. तो एखाद्या गरीब दर्ग्याला देतात, तिथल्या मजारीला पहिल्यांदाच जाळी मिळते. हा गावाबाहेरच्या लहान दर्ग्याला जाणार असे मुजावरांनी ठरवले आहे. तिथली जागा कमी आहे, म्हणून नळ्या कापू नयेत. ओळी कमी कराव्यात. जाळीला लोकांनी नवसाचे दोरे बांधले आहेत. त्यांना कात्री लावायची नाही. ज्या गाठी बोटांनी सुटतील त्या सोडवाव्यात. न सुटतील त्या तशाच जाऊ द्याव्यात. त्यांचे काम अजून चालू असेल.

कलम ८. कलम ५ मध्ये मी असे लिहिले होते की संपूर्ण कारखाना भट्टीसकट ठिणगीला मिळावा, आणि माझ्या धाकट्या भावाने त्यातल्या कशालाही हात लावू नये. असे का लिहिले, आणि त्यावर रेघ का मारली, ते सांगतो.

धाकट्याने आणि मी ऐन उमेदीची वर्षे एकत्र काम केले. मी जोडायचो, तो ओतायचा. भट्टीतल्या पितळेच्या रंगावरून मूस कधी उचलायची हे त्याला जसे कळते तसे मला कधी कळले नाही. त्याच्या गोळ्यात बुडबुडा नसतो. माझ्या असतो. हे लिहिताना पेन जरा अडखळले, पण माप ते माप.

एकदा एका दर्ग्यात बायकांच्या बाजूच्या खालच्या ओळी खुळखुळू लागल्या. मी मावशीच्या आजारपणात बाहेरगावी होतो. धाकटा गेला आणि त्या ओळींना त्याने डाग देऊन टाकला. काम दिसायला सुबक. पण लोक जाळीला नुसते धरत नाहीत, हलवतात. दुःखात माणूस हाताला लागेल ते हलवतो. सगळी जाळी थोडी थोडी हलते म्हणून तिच्यातले काहीच तुटत नाही. खालच्या ओळी जखडल्या गेल्यावर सगळा ताण लगतच्या वरच्या ओळीवर आला. गर्दीच्या दिवशी तिथली एक नळी उभी चिरली आणि एका आजीचे बोट कापले. तिने ते बोट ओढणीच्या टोकात गुंडाळले आणि दुसऱ्या हाताने जाळी धरली. ती बाजू मला करवतीने कापून काढावी लागली.

त्यानंतर धाकट्याने रस्त्यापलीकडे गेट आणि ग्रिलचे दुकान टाकले. तिथे दिवसभर वेल्डिंग चालते, आणि गेटला ते योग्यच आहे. आम्ही बोलत नाही असे नाही. ठिणगीमार्फत बोलतो. काकाला सांग, त्याची शिडी आमच्याकडे पडली आहे. बाबांना सांग, ती शिडी त्यांचीच आहे. ती शिडी नक्की कोणाची हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ती जिथे असेल त्याने ठेवावी.

आता अडचण अशी. नव्या कठड्याच्या तीन बाजूंना धाकट्याने पूर्वी ओतून ठेवलेले गोळे पुरले. चौथीला नाहीत. ठिणगीने आणि मी मिळून ओतून बघितले. गोळे वरून झकास, फोडले तर आतून पावासारखे. अशा गोळ्याला मोठे भोक पाडले की तो पहिल्या गर्दीतच दुभंगेल. मी म्हटले, सवयीने जमेल. तिने फुटका गोळा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तिथेच हा कागद होता. बायकोचे वर्तमानपत्र उचलून तिने तो वाचला.

"बाबा, कलम पाच कोणी लिहिलं?"

मी म्हटले, माझ्या हाताशिवाय या घरात एवढे सरळ अक्षर कोणाचे आहे?

"मग चौथी बाजू पण तुम्हीच करा. मेल्यावर सवड मिळेल. तुम्हाला नाहीतरी कोणाची मदत लागत नाही."

आणि ती खाली उतरून रस्ता ओलांडून गेली.

संध्याकाळी पायरी वाजली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, भावजी आले. इतक्या वर्षांनीही तिला आवाज ओळखू आला. धाकटा आत आला, खुर्ची असून पलंगाच्या कडेवर बसला, आणि झडपेची चौकशी करू लागला. म्हणाला, एवढं काय, आम्ही रोज बिजागऱ्या बदलतो. मी म्हटले, बिजागरी बदलताना तुम्ही गेटला भूल देता का? फुटका गोळा टेबलावर तसाच होता. त्याने तो उचलून खिडकीशी नेला, आत बघितले, आणि हसू दाबले. दाबले हे त्याने चांगले केले.

मग म्हणाला, "दादा, तो डाग चुकला हे मला त्या आजीचं बोट बघूनच कळलं होतं. तुझ्या आधी मी तिथं पोचलो होतो. तू सगळ्या बाजाराला सांगत फिरलास. मला एकट्याला कधी काही बोललाच नाहीस."

मी विचारले, बोललो असतो तर तू ऐकून घेतलं असतंस?

"नसतं घेतलं. भांडलो असतो. पण मग भांडण तरी झालं असतं ना. आपलं भांडणसुद्धा झालं नाही."

ही चहाचे कप घेऊन आली, ते आमच्या मध्ये ठेवले आणि म्हणाली, "आता भांडा. कप मी नंतर नेते."

आम्ही भांडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद परक्या माणसांसमोर वाचला जाईल. एवढेच नोंदवतो की आवाज ऐकून शेजारचा शिंपी खिडकीत आला आणि बायकोने त्याला, काही नाही, दोघे भाऊ बोलतायत, असे सांगून परत पाठवले. चहा गार झाला. दुसरा आला. तो प्यायलो.

शेवटी धाकटा म्हणाला, "गोळे मी ओततो. पुतणीच्या हाताखाली काम करायची मला लाज नाही, पोरगी माझ्यापेक्षा बरी जोडते. पण माझा हात लागू नये असं लिहिलेल्या भट्टीवर मी उभा राहणार नाही. तुझ्या कागदाच्या हाताखाली मला नाही जमायचं."

ठिणगी जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "आणि काकाशिवाय मी चौथी बाजू उभी करणार नाही. हेही लिहा त्यात."

मी दोघांनाही उद्या सांगतो म्हटले. मला लगेच उत्तर देण्याची सवय नाही. दोनदा मापून एकदा कापणारा माणूस आहे. आज सकाळी तोंड धुतले, पट्टी घेतली आणि कलम ५ वर रेघ मारली.

कलम ९. भट्टी, मुशी, साचे, चिमटे, मागची खोली आणि गल्लीत उघडणारे तिचे दार माझ्या धाकट्या भावाला, पूर्ण मालकीने. जोडणीची पुढची खोली ठिणगीला, तशीच. दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराला कोणत्याही बाजूने कडी बसवू नये. अट एकच: जाळीच्या कामात डाग नाही. ही अट आता माझ्या एकट्याची राहिलेली नाही, म्हणून ती लिहायला मला संकोच वाटत नाही. गेटला त्याने हवा तेवढा द्यावा.

कलम १०. चौथी बाजू बसवताना एक माणूस कठड्याच्या आत लागतो आणि एक बाहेर. आतला दोन्ही हातांनी गोळे ओळीत धरतो. बाहेरचा पाचरी ठोकतो. बाहेरच्याला गोळे दिसतात, पण त्यांच्यावरचा ताण दिसत नाही. तो फक्त आतल्याच्या बोटांना कळतो. ताण पुरेसा झाला की आतला "बस" म्हणतो, आणि हातोडी तिथेच थांबली पाहिजे. एक ठोका जास्त पडला तर चौकट चिरते. कमी पडला तर पहिल्याच गर्दीत जाळी ढिली होते. एकत्र होतो तोवर आत मी असायचो आणि बाहेर धाकटा. आमच्यात काहीही झालेले असो, माझे "बस" त्याने एकदाही चुकवलेले नाही.

आता आत ठिणगी जाईल. याबद्दल मी मुजावरांना विचारले, कारण आजवर कठड्याच्या आत कोणी बाई गेलेली नाही. त्यांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, त्या बाजूला सगळ्या आयाबाया हात लावणार, मग आतून एका मुलीचा हात लागला तर कोणाचं काय बिघडतं? आणि वर म्हणाले, हे आधी का नाही सुचलं, ते मात्र मला विचारू नका. ठिणगीचा आवाज बाकी सगळीकडे मोठा असतो, तसाच तिथेही असावा. दर्गा आहे म्हणून तिने "बस" हळू म्हणू नये.

मी वाचलो आणि डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली, तर त्या दिवशी मी बाहेर अंगणात बसून ठोके ऐकेन. मध्ये बोलणार नाही. बोललो तर बायकोने मला घरी आणावे.

कलम ११. हे सर्व अमलात आणण्याचे काम माझ्या पत्नीकडे. या घरात आजवर जे अमलात आले ते तिनेच आणले आहे. याआधी मी कुठे काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

साक्षीदारांविषयी. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी आधी माझ्या धाकट्या भावाचे नाव लिहिलेले होते. वकीलबाईंनी मला पूर्वीच बजावले होते की ज्याला इच्छापत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर त्याला मिळालेले जाते. ते ऐकूनच मी त्याचे नाव तिथे घातले होते, म्हणजे कोणी कितीही रदबदली केली तरी त्याच्या हाती काही लागू नये. आता ते नाव मी खोडले आहे आणि खोडलेल्या जागेशेजारी सही केली आहे. त्याच्या जागी शिंप्याला बोलावले. भावाला तसाही वर यायला वेळ नाही. त्याने सकाळीच भट्टी पेटवली आहे.

सही: जाळीवाला

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:

१. मुजावर, मोठा दर्गा (सही)

२. शिंपी, शेजारचे दुकान (सही). यातून आपल्याला काहीही मिळत नाही ना, असे यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे.

स्थळ: कारखान्याची वरची खोली, रस्त्याकडची खिडकी उघडी.

दिनांक: बुधवार, दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, पहिले गोळे साच्यात थंड होत असताना.